तीन चादरींखालची गाडी

माईंना आजवर कोणी फसवलेलं नव्हतं. प्रयत्न पुष्कळांनी केला. कापडवाल्याने केला, फर्निचरवाल्याने केला, एकदा तर वजनकाट्याला चुंबक लावून रद्दीवाल्याने केला. पण प्रत्येक वेळी शेवटी समोरचाच हात जोडून म्हणाला, "माई, न्या तुम्ही. फक्त पुन्हा येऊ नका." शाळेत त्या जेमतेम चार इयत्ता गेल्या होत्या. पुढे का नाही गेलात, असं कोणी विचारलं तर त्या सांगायच्या, "पुढचं शिकवायला मास्तरांकडेच काही उरलं नव्हतं."

त्यामुळे लेकीसाठी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा ती कोण निवडणार, हा प्रश्न घरात कोणाच्या मनालाही शिवला नाही. माईंना गाडी चालवता येत नव्हती. गाडीच्या पुढच्या सीटवर बसलं की त्यांना मळमळायचं आणि मागच्या सीटवर बसलं की राग यायचा. पण हे सगळं गौण होतं.

झालं होतं असं की लेकीला हॉस्पिटलात एक्स-रे काढायची नोकरी लागली. हॉस्पिटल गावाच्या पार त्या टोकाला, कालव्याच्या पलीकडे, कारखान्यांच्या रांगेमागे. सकाळची पाळी अशी की पहिली बस डेपोत डोळे चोळत असायची तेव्हा लेकीने कोट घालून उभं राहायचं. लेकीने जेवताना सांगून टाकलं, "आई, दोनच मार्ग आहेत. एक तर गाडी, नाही तर तिथेच रूम."

'रूम' हा शब्द ऐकला आणि माईंनी हातातला डाव भांड्यात ठेवला. रूमवर गेलेल्या मुली त्यांनी पाहिल्या होत्या. पहिल्या महिन्यात कपडे धुवायला घेऊन येतात. मग नुसत्या येतात. मग येण्याआधी फोन करून विचारतात, "तुम्ही घरी आहात ना?" आणि एकदा का आपल्याच घरात मुलगी "चमचे कुठे असतात गं?" असं विचारायला लागली, की संपलं. ती पाहुणी झाली. माईंना घरात पाहुणी नको होती. हे त्या कोणाला बोलल्या नाहीत, कारण बोलल्यावर लोक त्याला माया म्हणतात आणि डोक्यावर बसतात.

"गाडी घेऊ," माई म्हणाल्या.

नानांच्या हातून पेपर पडला. नाना म्हणजे माईंचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता घरात खालमानेने वाहत होते. स्वतःच्या स्कूटरला नवी सीट बसवायची मंजुरी त्यांनी बरीच वर्षं मागितली होती. त्यांनी पेपर उचलला आणि बजेट सांगितलं. ते ऐकून लेक म्हणाली, "नाना, एवढ्यात नव्या गाडीचं दार येईल."

"मग जुनी घेऊ," माई म्हणाल्या. "जुन्याला काय झालं? तुझे नानाही जुनेच आहेत. चालतात की."

जुनी गाडी घ्यायचीय, ही गोष्ट बिल्डिंगभर व्हायला जिन्याएवढाही वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे मास्तर त्याच संध्याकाळी उतरून आले. मास्तरांनी आयुष्यात सायकलदेखील घेतली नव्हती, त्यामुळे गाड्यांबद्दलचं त्यांचं मत अगदी निर्मळ होतं, अनुभवाने कुठेही डागाळलेलं नव्हतं.

"माई, डिझेल घेऊ नका."

"का?"

"नका घेऊ."

"अहो पण का?"

"आमचे साडू घेणार होते."

"मग काय झालं?"

"नाही घेतली," मास्तर गंभीरपणे म्हणाले आणि चहाची वाट बघत बसले.

समोरच्या दारातली बँकवाली दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "पांढराच रंग घ्या हं माई. रात्री लांबून दिसतो."

"आम्हाला गाडी शोधायची नाही, चालवायचीय," माई म्हणाल्या.

सल्ला म्हणजे न मागता आलेलं वाण, परत कुठे द्यायचं हाच प्रश्न. माईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग आपलं तत्त्व जाहीर केलं. गाडी बघायचीच नाही. गाडी कोणीही धुऊनपुसून उभी करतो. लग्नाच्या फोटोत सगळेच गोरे दिसतात. बघायचं ते विकणाऱ्याचं स्वयंपाकघर. ज्या घरात कुकरची रिंग धुवून टांगलेली असते, त्या घरात गाडीचं तेल वेळेवर बदललेलं असतं. जिथे शेगडीवर कालच्या दुधाचा पापुद्रा, तिथे इंजिनातही तोच पापुद्रा.

"आई, मेकॅनिकला न्यायचं असतं गं," लेक म्हणाली.

"नेऊ की. तो खाली थांबेल."

असे मिस्त्री या कामात आले. मिस्त्रींचं गॅरेज कोपऱ्यावर होतं आणि त्यांची ख्याती अशी की गाडी कोणतीही असो, बोनेट उघडल्याबरोबर ते "अरे अरे अरे" म्हणायचे. बरी असली तरी म्हणायचे. त्यावरून गाडीचं काही कळायचं नाही, पण मालकाचं धाबं दणाणायचं आणि किंमत उतरायची. माईंना हा माणूस आवडला.

पहिली गाडी एका व्यायामपटूची. गाडी चकचकीत, आत अत्तराचा वास, मिस्त्रींनीसुद्धा एकच "अरे" म्हटलं. माई वर गेल्या, "पाणी मिळेल का जरा?" म्हणाल्या आणि तो पोरगा पाणी आणायला वळला तसा त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात. खाली आल्या त्या तोंड कडू करून.

"चला."

"माई, गाडी ठीक आहे," मिस्त्री म्हणाले.

"तव्यावर अंड्याचा जळका नकाशा आहे. आणि तो तवा त्याने पलंगाखाली लपवलाय. मी पाहिला. तवा लपवणारा माणूस काय काय लपवेल?"

दुसरीकडे गेले तो गाड्यांचा बाजारच होता. पत्र्याची शेड, झेंडूच्या रंगाच्या पताका आणि गळ्यात साखळी घातलेला विकणारा. तो ज्या गाडीवर हात ठेवायचा ती एका डॉक्टर बाईंची असायची. "ही डॉक्टर बाईंची. फक्त दवाखाना ते घर. ही पण डॉक्टर बाईंची. ती लाल? ती त्यांच्या बहिणीची, त्या पण डॉक्टर."

"एवढ्या डॉक्टर बाई आहेत गावात," माई म्हणाल्या, "मग माणसं आजारी कशी पडतात?" आणि मग, "तुमचं स्वयंपाकघर कुठंय?"

त्याने चहाच्या टपरीकडे बोट दाखवलं. माई रिक्षात जाऊन बसल्या.

असे बरेच रविवार गेले. लेक तोवर ओळखीच्या नर्सच्या स्कूटरवर मागे बसून जायची, ती नर्स सुट्टीवर असली की रिक्षाने. रोज दमून यायची, जेवता जेवता पेंगायची, आणि पेंगता पेंगता एकदा म्हणाली, "आई, माझ्याबरोबरची ती आहे ना, तिच्या रूमवर एक पलंग रिकामा आहे." माईंनी तिच्या ताटात आणखी भात वाढला आणि त्या रविवारी तीन ठिकाणं ठरवली.

तिसऱ्या ठिकाणी माईंना ते घर सापडलं.

दार एका सडपातळ म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचा पायजमा, आणि माईंना तर वाटलं की चेहऱ्यावरूनही सकाळी इस्त्री फिरवली असावी. दाराशी चपला काढल्या तर त्यांनी त्या जोडीजोडीने सरळ केल्या. सोफ्यावर प्लॅस्टिक, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, घड्याळावर प्लॅस्टिक. बसल्या जागी कोणी हललं की कराकरा वाजायचं. त्यांच्या बायकोने चहा आणला आणि माईंनी बशीत कप ठेवायच्या आत तिने बशी पुसून घेतली. माईंनी पाणी मागितलं, आत गेल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. शेगडी अशी लखलखत होती की त्यांना तिच्यात आपलं नाक दिसलं. डब्यांची तोंडं एका दिशेला. कुकरची रिंग धुतलेली, पुसलेली, पावडर लावलेली, आणि खुंटीवर.

माई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे होतं, ते नानांनी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

"गाडी घ्यायची," माई म्हणाल्या.

"अगं, अजून बघितली कुठंय?"

गाडी खाली गॅरेजमध्ये होती. तिच्यावर तीन चादरी. वरची जाड, मधली प्लॅस्टिकची, आणि आतली मऊ, धुतलेली, कडेला टीप घातलेली. गृहस्थांनी एकेक चादर काढली, घडी घातली, बाजूच्या फळीवर ठेवली. खाली निळी गाडी निघाली. सीटवर कंपनीने दिलेलं प्लॅस्टिक अजून तसंच. मिस्त्रींनी बोनेट उघडलं आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

"बघा, गप्प झाले," माई नानांना म्हणाल्या.

"माई, गाडी फारच कमी चाललीय," मिस्त्री म्हणाले. "उभीच होती. तसं बघितलं तर हे जे रबर…"

"कमी चाललीय म्हणजे नवी. त्यात काय?"

"तसं नसतं, उभ्या गाडीचं…"

"मिस्त्री, तुम्ही त्यांची शेगडी पाहिलीत?"

मिस्त्रींनी शेगडी पाहिलेली नव्हती, त्यामुळे त्यांना पुढे बोलता आलं नाही.

परत वर येऊन बसल्यावर कळलं, गृहस्थांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती, म्हणून विकायची. "आधी तरी कुठे चालवत होते," बायको चहाची बशी पुसत म्हणाली. "महिन्यातून एकदा कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि आणून पुसायची. मला नाही एवढं कधी पुसलं."

मग मालकांनी लेकीला उभं करून विचारायला सुरुवात केली. ब्रेक हळू दाबता ना? दार ओढून लावता की ढकलून? आत बसून खाता का? लेक आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं की हा इंटरव्ह्यू आहे. "चौथा आणि पाचवा गिअर अजून कोरा आहे," ते म्हणाले. "वापरलेला नाही. तसाच राहिला तर बरं." शेवटी त्यांनी मान हलवली. इतर गिऱ्हाइकं परत पाठवली होती म्हणे. यांना मात्र गाडी द्यायला हरकत नाही. घरी परतताना माईंची मान ताठ होती. आपण गाडी निवडली, हे ठीकच. पण त्या माणसाने आपल्याला निवडलं, हे त्या वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगत आल्या. लेकीने त्या माणसाचं नाव 'टापटीपकाका' ठेवलं. माईंनी ते दटावून मोडीत काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः वापरायला लागल्या.

गाडी लेकीच्या नावावर करायला वाहन कचेरीत गेले. टापटीपकाकांनी गाडीचा प्रत्येक कागद प्लॅस्टिकमध्ये सीलबंद केलेला होता. इतका सुबक की पाणी, धूळ, झुरळ, वाळवी, कशालाही आत शिरायला जागा नव्हती. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटापालटा केला, शिक्का उचलला, कागदावर मारला. शाई प्लॅस्टिकवरून घरंगळून त्याच्याच बाहीवर गेली.

"प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही," कारकून म्हणाला.

"मग प्लॅस्टिक काढा," माई म्हणाल्या.

काढायला गेले तर प्लॅस्टिकबरोबर अक्षरंही निघाली. कारकुनाने घाईघाईने हात मागे घेतला. "याची नक्कल काढावी लागेल. मूळ कागद हरवला, असा अर्ज द्या."

"पण तो हरवलेला नाही," टापटीपकाका म्हणाले.

"हरवला म्हणा."

"मी आयुष्यात काही हरवलेलं नाही."

"साहेब, नक्कल हरवल्याशिवाय मिळत नाही."

"हा काय! माझ्या हातात आहे."

"अहो, तोच तर प्रॉब्लेम आहे," कारकून म्हणाला. "नसता तर तुमचं काम आत्ता झालं असतं."

ज्या माणसाने उभ्या जन्मात छत्रीसुद्धा हरवली नाही, त्याच्याकडून सही घेऊन कबूल करायचं होतं की तो निष्काळजी आहे. माईंना त्यांचं दुःख कळलं. माईंना ते फार आतून कळलं. त्या खिडकीशी वाकल्या आणि कारकुनाला म्हणाल्या, "हे बघ दादा, ज्याने सांभाळलं त्याचं अडतं आणि ज्याने हरवलं त्याचं होतं, अशी तुमची कचेरी. मग तुमच्याच कपाटात एवढी बोचकी कशाला सांभाळून ठेवलीत? हरवा की." मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. कारकुनाने माईंना पुढच्या खिडकीवर पाठवलं. पुढच्या खिडकीने वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर एक साहेब सज्जन निघाले. त्यांनी 'हरवला' खोडून 'खराब झाला' करून दिलं. खराब झाला, हे तर काकांना त्याहून लागलं. पण त्यांनी डोळे मिटून सही केली. बिचाऱ्यांनी पेनाचं टोपण मात्र लगेच लावलं.

गाडी घरी आली. मास्तर बिल्डिंगच्या दारात उभे होते. "डिझेल नाही ना?" एवढंच विचारून ते समाधानाने वर गेले.

पहिल्या सोमवारी लेक निघाली आणि पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडली. मंगळवारी बॅटरी गेली. बुधवारी वारं धुळीचं होतं म्हणून लेकीने काच पुसायला वायपर चालवले, तर त्यांचं रबर जुन्या बिस्किटासारखं चुरून बोनेटवर पडलं. मग एक पट्टा तुटला. मग टायरला बारीक भेगा दिसल्या, पायाच्या टाचेला असतात तशा. मिस्त्री एकेक वस्तू काढून नानांच्या हातात ठेवायचे. "रबर आहे, माई. रबर चालत राहिलं तर टिकतं. ठेवून दिलं की आतून मरतं. मी तेव्हाच सांगत होतो…"

"तेव्हा तुम्ही गप्प होतात," माई म्हणाल्या. हेही खरंच होतं.

अवघ्या बिल्डिंगपुढे माईंनी त्या घराचं एवढं कौतुक केलं होतं की आता माघार म्हणजे नाक कापून पाटावर ठेवणं. सकाळी गाडी ढकलायला लागायची. मास्तर, बँकवालीचा नवरा, दूधवाला, सगळे ढकलायचे. माई गॅलरीतून बघायच्या.

"माई, गाडी चालू होत नाही वाटतं?" मास्तर धापा टाकत विचारायचे.

"चालू होते. पण तिला सकाळी आधी चार पावलं चालायची सवय आहे."

"म्हणजे आम्ही चालतोय."

"तुम्हालाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं ना?"

मिस्त्रींचं बिल नाना मुकाट्याने भरत राहिले. स्कूटरच्या सीटचं त्यांनी मनातल्या मनात बारावं घातलं. शेवटी एक वेळ अशी आली की गाडीतलं बदलण्यासारखं सगळं बदलून झालं. आणि मग गाडी चालायला लागली. चालायला लागली म्हणजे अशी, की चावी फिरवायची खोटी, ही तयार. मिस्त्री बोनेटवर थाप मारून म्हणाले, "आता माई, ही गाडी तुम्हाला दगा देणार नाही. इंजिन कोरं करकरीत आहे." बिल्डिंगने एक मोठा श्वास सोडला.

आणि नेमके तेव्हापासून टापटीपकाका यायला लागले.

पहिल्या दिवशी ते जवळूनच चालले होते म्हणून आले. दुसऱ्या दिवशीही जवळूनच चालले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून स्वतःचं फडकं काढलं. लेक पाळीला निघायच्या वेळेला ते हजर. चाकं बघायचे, दाराच्या कडेवरून बोट फिरवायचे, फडक्याने काच पुसायचे, आणि जिथे पुसलं तिथे पुन्हा बघायचे. "हा ओरखडा कालचा का?" "काका, तो उन्हाचा कवडसा आहे." "असं होय." तरी पुसायचे. सीटवरचं प्लॅस्टिक लेकीने काढून टाकलंय हे त्यांना कळलं, त्या दिवशी ते बराच वेळ कट्ट्यावर बसून राहिले. नानांनी त्यांना पाणी नेऊन दिलं.

लेकीला रोज उशीर व्हायला लागला. हॉस्पिटलातल्या मुख्य बाईंनी तिला खोलीत बोलावून समज दिली. एका संध्याकाळी ती त्या मैत्रिणीच्या रूमवरच राहिली आणि दुसऱ्या दिवशी घरी आली ती झोप झालेल्या चेहऱ्याने. माईंना तो चेहरा बघून बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

"आई, त्या रूमचं म्हणत होते मी. आठवड्याचे कामाचे दिवस तिथे राहीन, सुट्टीला घरी. गाडी आहे ना आता, येणं काही…"

"गाडी घेतली ती घरी यायला. रूमवर उभी करायला नाही."

"अगं पण…"

"जेव."

"काकांना तरी सांग ना सकाळी येऊ नका म्हणून. तुझं ऐकतील."

ज्यांच्या जिभेला गावातले दुकानदार टरकायचे, त्या माई या एका माणसापुढे रोज सकाळी मुकाट्याने चहाचा कप ठेवत होत्या. त्यांना वाटायचं, येतोय तर येऊ दे, मऊ माणूस आहे. शिवाय एकदा बोललं की बिल्डिंगला कळेल, शेगडी फसली.

मग तो शुक्रवार उजाडला. वारा सुटलेला, रस्त्यावर कागद आणि पाचोळा गरगरत होता. लेक गाडीत बसली, चावी फिरवली, इंजिन शहाण्यासारखं सुरू झालं, आणि टापटीपकाका दोन्ही हात पसरून बोनेटसमोर उभे राहिले.

"आज नका नेऊ. धूळ आहे."

"काका, मला उशीर होतोय."

"रंगाला लागेल. वारा पडला की न्या. मी थांबतो. मी आतली चादर आणलीय," आणि त्यांनी खरंच काखेतून ती टीप घातलेली मऊ चादर काढली.

लेकीने गॅलरीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. ते माईंनी पाहिलं. मग काय झालं ते बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. माई जिना उतरल्या नाहीत, कोसळल्या.

"अहो काका!" माई म्हणाल्या. "बाजूला व्हा!"

काका दचकले. वरचे मास्तर गॅलरीत आले, बँकवाली तोंडात ब्रश घेऊन आली.

"तुम्ही गाडी दिलीत ना? मग दिली म्हणजे दिली! दिलेल्या वस्तूच्या मागे फडकं घेऊन फिरायचं नसतं. धूळ आहे म्हणे! धूळ कुठे नाही? चालायला केलेली वस्तू आहे ती. तिला ऊन लागणार, वारा लागणार, कोणी घासून जाणार, खड्डा येणार. त्यानेच ती पक्की होते. तुम्ही तिला तीन चादरींत गुंडाळून ठेवलीत आणि समजलात की आपण सांभाळली. काय सांभाळली? आतून सगळं वाळून गेलं तिचं! आमच्या मिस्त्रींना विचारा. तुम्हाला पुसायला हवं होतं म्हणून ती उभी होती. तिचं काय म्हणणं होतं, कधी विचारलंत? जाऊ द्या तिला! जिथे जायचंय तिथे जाऊ द्या, मोठ्या रस्त्याने जाऊ द्या, येईल ती परत यायची तेव्हा!"

माई थांबल्या ते श्वास घ्यायला. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिस्त्री पाना धरून उभे होते. इंजिन तेवढं मंद चालू होतं.

लेकीने गाडीची काच पूर्ण खाली केली.

"आई," ती हळूच म्हणाली, "रूमची किल्ली आजच घ्यायचीय. नाही तर त्या दुसऱ्या मुलीला देतील. घेऊ?"

माईंनी तोंड उघडलं. गॅलऱ्यांमध्ये सगळी तोंडं त्यांच्याकडे वळलेली होती. नाना पायरीवर उभे होते आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माईंच्या डोळ्याला डोळा भिडवून बघत होते.

"माई," मास्तर वरून मदतीच्या सुरात म्हणाले, "दिली म्हणजे दिली, असं म्हणालात तुम्ही आत्ता."

"मी बहिरी नाही, मास्तर," माई म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. पदराने उगाच गाडीची काच पुसली, लक्षात आल्यावर हात मागे घेतला. "घे. आणि तिथे तवा जाड बुडाचा घे, पातळ नको."

काका बाजूला झाले. त्यांनी चादरीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. गाडी त्यांच्या शर्टावर धूळ उडवून गेली आणि त्यांनी ती झटकली नाही. थोड्या वेळाने ते माईंना म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. नाही येणार मी. फक्त… पोचल्यावर एक मिस्ड कॉल द्यायला सांगाल का तिला? उचलायचाही नाही. नुसतं कळलं की बास."

माईंच्या तोंडून पुढचं वाक्य निघणार होतं ते नेमकं हेच, अक्षर न् अक्षर. ते दुसऱ्याच्या तोंडून आलेलं ऐकून त्यांना आपल्या हातातून कोणी पिशवी काढून घेतल्यासारखं झालं.

"सांगेन," त्या म्हणाल्या.

रविवारी लेकीचं सामान गाडीत भरलं. गादी, बादली, कुकर, नानांनी लपवून दिलेलं पाकीट, बँकवालीने दिलेली कुंडी. मिस्त्रींनी हवा तपासली. माईंनी गाडीला हात लावला नाही. लेकीच्या डोक्याला लावला, तोही केसात काहीतरी अडकल्यासारखं करून.

संध्याकाळी टापटीपकाका आले. नाही येणार म्हणाले होते. पण माईंनीच निरोप धाडला होता. ते खुर्चीच्या कडेवर बसले. माईंनी चहा ठेवला. नाना पेपर उलटा धरून वाचत होते आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. टेबलावर मधोमध फोन. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं, फार मेहनतीने.

फोन वाजला. एकदा. थांबला.

काकांनी मान खाली घातली आणि श्वास सोडला. "पोचली."

"पोचली," नाना म्हणाले आणि पेपर सरळ केला.

माईंनी फोन उचलला, नंबर लावला. पलीकडून लेकीचा आवाज आला, मागे भांड्यांचा आणि कोणाच्या तरी हसण्याचा आवाज होता.

"अगं आई, मिस्ड कॉल दिला की! मिळाला नाही का?"

"मिळाला," माई कडाडल्या. "पण एकच? एक तुझा झाला. गाडीचा कोण देणार? इथे माणूस खुर्चीच्या टोकावर ताटकळत बसलंय. ठेव फोन आणि दुसरा दे."